अडीच फुटांचा ओटा

बाबांनी मातीच्या पिशवीला सीटबेल्ट लावला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वळणं आहेत पुढे. सांडली तर?"

"सांडली तर रस्त्याकडेला भरपूर माती आहे, बाबा."

"ती चालत नाही. घरची लागते. तुझ्या आईनं फोनवर दोनदा बजावलंय."

घरची माती म्हणजे आमच्या कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतली. तिथल्या कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीतून बाबांनी ती काढली होती. मुळं वेचली होती, खडे काढले होते आणि शेवटी पिठाच्या चाळणीनं चाळली होती. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. माती असो की सिमेंट, चाळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आम्ही भोरच्या पुढे उंबरमाळला निघालो होतो. डोंगराच्या उतारावर दहा कुटुंबांची वस्ती होती. माती, बांबू, दगड आणि चुना यांनी बांधलेली घरं, घराभोवती पिकवलेलं अन्न, न्हाणीचं पाणी केळीला. आई भूगोलाची शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती तिथे आठवडाभराच्या शिबिराला गेली, मग महिनाभर गेली, आणि मग तिथेच पाहुण्यांच्या खोलीत राहून भिंती रचायला शिकू लागली. त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. आता वस्तीनं तिला घरासाठी जागा दिली होती. जोतं भरून झालं होतं. आज भिंतींना सुरुवात व्हायची होती.

बाबांनी वर्षभर एकच वाक्य निरनिराळ्या प्रकारे म्हटलं होतं, की चिखलात खेळायचं हे वय नव्हे. त्यामुळे सकाळी त्यांनी डिकीत दोन मोठ्या बॅगा, घडीची खुर्ची आणि रेडिओ ठेवला तेव्हा मी जरा चकित झाले. विचारलं नाही. भोर मागे पडल्यावर तेच म्हणाले, "मी तुझ्याबरोबर परत येत नाहीये."

"म्हणजे? राहणार चार दिवस?"

"तिकडेच राहणार. कायमचा."

मी गाडी हळू केली. "तुम्ही? मातीच्या घरात?"

"जोतं दगडाचं आहे. फोटो पाहिला मी. काम बरं केलंय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "वर्षभर डबा खाल्ला. डब्यातली आमटी सोमवारची आणि गुरुवारची सारखीच लागते."

"आईला सांगितलंत?"

"आज सांगणार. माती टाकली की."

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुम्हाला झेपणार नाही. मग मी म्हटलं असतं, झेपेल. मग महिना त्यातच गेला असता." ते बाहेर बघायला लागले. "तू बोलू नकोस काही. मी बोलीन."

मला बरं वाटलं हे खरं. दोन घरांत दोन म्हातारी माणसं, आणि मधे मी, असं ते वर्ष गेलं होतं.

उंबरमाळला पोचलो तेव्हा आई चिखलात उभी होती. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला पंचा. भाताचं काड घालून ती आणखी दोघींबरोबर माती तुडवत होती. ती बारीक झाली होती आणि तिचा आवाज मोठा झाला होता. कुणाला तरी ती सांगत होती, "पाणी बास. आणखी घातलंस तर आमटी होईल." सगळ्या हसल्या.

मग तिला गाडी दिसली. ती चिखलातून बाहेर आली, टाकीवर जाऊन हातपाय धुतले आणि आमच्याकडे आली.

"आलात? गोळी घेतलीत का सकाळची?"

"घेतली."

"नाश्त्यानंतर की आधी?"

"नंतर."

तिनं शेजारच्या घरातून खुर्ची मागून आणली, आंब्याच्या सावलीत ठेवली, आपल्या खोलीत जाऊन चहा टाकला. बाबांचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. बाबा चहा पीत असताना ऊन सरकलं तशी तिनं खुर्ची सरकवायला लावली. तिकडे त्या दोघी मातीत थांबून राहिल्या होत्या. एकीनं हाक मारली, "कुमुदताई, उरलेलं काड कधी घालायचं?"

"आले, आले. यांचं झालं की."

वस्ती सुरू करणाऱ्या लीनाताई मला जागा दाखवायला घेऊन गेल्या. साठीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. उतारावर आडवे चर खणले होते आणि त्यांच्या काठानं शेवगा, पपई, हळद अशी दाटी होती. वरच्या अंगाला एक नुसतंच जोतं होतं. दगडी, नीट बांधलेलं, वर भिंत नाही. त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"होता एक. नगरकडचा. त्याचा भाऊ माती घेऊन आला आणि तशीच परत घेऊन गेला."

"म्हणून घर नाही बांधलं?"

"नाही बांधलं. आमच्याकडे पहिल्या भिंतीत दहा घरांची एकेक घमेलं माती पडते आणि एक त्या माणसाच्या घरची. घरच्याच कुणीतरी स्वतःच्या हातानं टाकायची. ती आली नाही तर भिंत चढत नाही आणि माणसानं जागा सोडायची."

"फार कडक आहे."

"सुरुवातीला नव्हता हा नियम. लोक घरी भांडून इथे यायचे. आम्ही घर बांधून द्यायचो. मग मागून घरचे यायचे, कुणी रडत, कुणी वकील घेऊन. एकदा तर एका बाईचा नवरा बांधलेल्या भिंतीला पहार लावायला आला. तेव्हा ठरवलं. ज्यांना सोडून आलात त्यांची संमती मातीत कालवा. तोंडी नको. तोंडानं लोक काहीही हो म्हणतात."

"आणि त्या नगरच्या माणसाचं काय झालं?"

"गेला. कुठे ते माहीत नाही." त्यांनी एक मिरची उलटी करून ठेवली. "तुझे वडील आले, बरं झालं. कुमुदला खात्री नव्हती."

आम्ही परतलो तेव्हा बाबा आईच्या जोत्यावर चढले होते. खिशात टेप होताच. जोत्यावर पांढऱ्या फक्कीनं सगळं घर आखलेलं होतं. भिंती, दार, चूल, कोनाडे. शेजारी ढेबेमामा उभे होते. ते पलीकडच्या वाडीतले गवंडी, वस्तीची निम्मी घरं त्यांच्या हाताखाली झालेली.

"भिंत दीड फूट?" बाबांनी विचारलं.

"दीड फूट. उन्हाळ्यात आत गारवा ऱ्हातो साहेब. तुमच्या स्लॅबखाली भाकरी भाजंल."

"स्लॅब गळत नाही पण."

"गळत न्हाई तवर गळत न्हाई."

बाबा हसले. त्यांना ढेबेमामा आवडलेले दिसत होते. "ही काय, खिडकी?"

"कोनाडा. बाईंच्या पुस्तकांना."

"आणि हे?"

"त्यो ओटा. झोपायचा. भितीच्याच अंगातनं निघतो, भितीबरोबरच चढतो. म्हंजे मागनं हलवायचा म्हटलं तर भितच फोडाय लागंल."

बाबांनी टेप लावला. वाचला. पुन्हा लावला. मग ते उकिडवे बसले आणि रेघेच्या पलीकडे जमिनीवर त्यांनी बोट फिरवलं.

"ही रेघ कधी मारली?"

"परवा. आधी रुंद हुता. बाईंनी म्होरं हूभं ऱ्हाऊन पुसून घेतला."

"कोणत्या बाईंनी?"

"तुमच्याच."

बाबांनी टेप खटकन आत सोडला, उठले, ढेबेमामांना "छान" म्हणाले आणि जोत्यावरून उतरून गाडीकडे गेले. मला वाटलं, पिशवी आणायला गेले. ते मागच्या सीटवर पिशवीशेजारी बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं लीनाताईंनी थाळी वाजवली. घराघरांतून माणसं घमेली घेऊन आली. कुणाची लाल माती, कुणाची काळसर. एकेक करून ती आईच्या ढिगात पडत गेली. कुणी काही बोलत नव्हतं. टाकलं की बाजूला होऊन उभं राहायचं. दहावं घमेलं रिकामं झालं आणि सगळे थांबले.

आईनं गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मंजू, बाबांना बोलाव."

मी गाडीचं पुढचं दार उघडून आत बसले. बाबांनी पिशवी सीटबेल्टमधून सोडवून मांडीवर घेतली होती.

"बाबा, सगळे थांबलेत."

"ओटा अडीच फुटांचा आहे."

"असेल. मग?"

"आधी चार फुटांचा होता. जुनी रेघ दिसते अजून, नीट पुसली गेली नाही. चार फुटांत दोन माणसं झोपतात. अडीच फुटांत झोपत नाहीत."

"आईला काय माहीत तुम्ही राहायला येताय ते? एकटीच्या हिशेबानं केला असेल."

"मग आधी चारचा का होता?" ते शांतपणे म्हणाले. "तिला माहीत आहे. मी पेपरवाल्याला बंद सांगितलं, शेजारच्या दामले वहिनींकडे किल्ली दिली. वहिनींच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी फोन केला असणार. आणि मग परवा रेघ पुसली गेली."

बाहेर लोक अजून ढिगाभोवती उभे होते. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं, आणि ते मुद्दाम बघत नव्हते.

"माती टाकली नाही तर तिला जागा सोडावी लागेल," मी म्हणाले. "लीनाताई म्हणाल्या."

"मला ठाऊक आहे नियम. फोनवर तिनंच सांगितला. आणि मी नियम ऐकून निम्मी कुंडी रिकामी केली." त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं होतं. "आता तू सांग, मी ही कशासाठी टाकायची?"

तेवढ्यात आई येताना दिसली. या वेळी तिनं हातपाय धुतले नव्हते. पोटऱ्यांपर्यंत चिखल तसाच. तिनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि ती बाबांच्या शेजारी बसली.

"मंजू, तू जरा बाहेर थांब."

"राहू दे तिला," बाबा म्हणाले. "मागाहून आपण दोघं तिला दोन वेगळ्या गोष्टी सांगू, त्यापेक्षा एकदाच ऐकू दे."

मी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

"माझ्यासाठी जागा ठेवली नाहीस," बाबा म्हणाले.

"नाही ठेवली."

"होती. ती काढलीस."

"हो."

"मी येतोय हे कळल्यावर काढलीस."

"कळल्यावरच काढली. तुम्ही येणार नव्हतात तोवर चार फूट ठेवायला काही जात नव्हतं. शोभेला होते."

बाबांनी पिशवी मांडीवर नीट सरकवली. मग म्हणाले, "मी इतका वाईट वागलो का?"

"नाही. वाईट वागला असतात तर सोपं होतं. कधीच गेले असते."

"मग काय?"

"आज काय झालं ते बघा ना," आई म्हणाली. "मी माती तुडवत होते. वर्षभर ज्यासाठी राबले त्या कामात होते. तुमची गाडी दिसली आणि मी हात धुतले. चहा टाकला. तुम्ही मागितला होता?"

"नाही."

"गोळीचं विचारलं. खुर्ची सरकवली. तिकडे बायका माती धरून थांबल्या होत्या, आणि मी बघत होते की तुमच्या कपात साय आलीय का. कुणी सांगितलं नव्हतं मला. तुम्ही तर नाहीच नाही."

"मग माझी चूक काय?"

"तुमची नाहीच. मी करते ते. तुम्ही समोर असलात की मी करते. मला थांबवता येत नाही. सदतीस वर्षांची सवय आहे, ती अंगात गेलीय. इथे वर्षभर मी सकाळी उठते आणि पहिल्यांदा मला काय हवंय ते बघते. कधी नुसती बसते. कधी चहाच करत नाही. तुम्ही इथे आलात की महिन्याभरात आठला कुकर लागेल. तुम्ही म्हणाल, लावू नकोस. तरी मी लावीन."

"मी शिकेन. मी लावीन कुकर."

"लावा. पण मी शेजारी उभी राहीन, पाणी कमी घातलंय म्हणेन आणि भांडं हातातून घेईन."

बाबांच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. "घेशील."

"घेईनच."

"हे बोलायचं होतंस."

"तुम्ही बोललात? दोन बॅगा भरल्यात, दामले वहिनींकडे किल्ली दिलीत. मला सांगितलंत?"

"नाही."

"मी बोलले असते तर तुम्ही वाद घातला असता. मग मला दया आली असती आणि मी हो म्हटलं असतं. म्हणून रेघ मारली. रेघ तुम्हाला वाचता येते. आणि रेघेशी तुम्ही वाद घालत नाही."

बाहेर कुणीतरी ढिगावर ओलं पोतं टाकलं, माती सुकू नये म्हणून.

"मी ही टाकली नाही तर?" बाबांनी विचारलं.

"तर मी जागा सोडीन."

"आणि घरी येशील?"

"नाही. कुठे जाईन ते ठरवलं नाही. पण कोथरूडला नाही. आणि टाकलीत तरी तुम्ही इथे यायचंच नाही असं नाही. या. चार दिवस राहा, आठ दिवस राहा. पडवी मोठी धरलीय मी. पण पाहुणे म्हणून या. म्हणजे मी पाहुण्याचं करते असं मला म्हणता येईल, आणि पाहुणा गेला की ते थांबेल."

मला तेव्हा आरशात बघायचा मोह झाला. बघितलं नाही.

"कढीपत्ता निम्मा उपटावा लागला," बाबा म्हणाले. "कुंडीत आता अर्धीच माती आहे. जगेल का?"

"पाणी कमी घाला."

"किती कमी?"

"बोट घालून बघायचं. ओलं लागलं तर घालायचं नाही."

"बरं."

ते दार उघडून उतरले. पिशवी त्यांनी स्वतःच उचलली, मी हात पुढे केला तो त्यांनी पाहिला नाही. ढिगापाशी जाऊन त्यांनी पोतं बाजूला केलं आणि पिशवी उलटी केली. बाकीच्या मातीपेक्षा ती फारच बारीक होती, दळलेल्या कॉफीसारखी. पिशवी झटकून त्यांनी तिच्या चार घड्या केल्या आणि खिशात ठेवली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. लीनाताई फक्त म्हणाल्या, "आता पाय."

ही माती पडली की घरच्या माणसानं सगळ्यात आधी तुडवायचं असतं. बाबांनी बूट-मोजे काढले, मोजे बुटांत कोंबले, पॅण्ट दुमडली. त्यांच्या नडग्या इतक्या गोऱ्या होत्या की मला नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली. ते आत उतरले आणि मूठभर माती दाबून पाहून म्हणाले, "चिकण जास्त आहे. तडे जातील."

"म्हनून तर काड, साहेब," ढेबेमामा म्हणाले. "धरणावर असंच अनवानी चालायचा का?"

"धरणावर बूट असायचे."

"तरीच. बुटाला माती काय सांगनार."

मग सगळेच उतरले. मीही उतरले. माती थंड होती, आणि पाऊल काढताना खालून ओढत होती. आई ढिगाच्या पलीकडच्या बाजूला तुडवत होती. ती बाबांजवळ आली नाही. त्यांचा तोल एकदा गेला तेव्हा तिचे दोन्ही हात उठले, आणि तिनं ते तसेच परत खाली घेतले. बाबांना ढेबेमामांनी धरलं.

माती तयार झाल्यावर लीनाताई जोत्यावर चढल्या. पहिला थर बसण्याआधी आखणी शेवटची बघायची असते, त्यानंतर बदल नाही. त्या आईला एकेक विचारत गेल्या. दार इथे? हो. चूल? हो. कोनाडे दोन? दोन. सगळे खाली उभे राहून ऐकत होते.

"ओटा एवढाच?"

आईनं खाली बघितलं नाही. "एवढाच."

"थांबा," बाबा म्हणाले.

ते चिखलाच्या पायांनी जोत्यावर आले. त्यांच्या पावलांचे ठसे आईच्या दारातून आत उमटत गेले. आईचा चेहरा मला दिसत होता, आणि तो घाबरलेला होता.

"दोरी द्या," बाबा ढेबेमामांना म्हणाले. "हा कोपरा काटकोनात नाही. पायथ्याशी बोटभर बाहेर जातोय. भिंत चढली की वरती नजरेला दिसेल."

"एवढं काय हुतंय साहेब, मातीचं काम हाय."

"म्हणून वाकडं करायचं?"

त्यांनी दोरीचं एक टोक आईकडे दिलं. "धर. भिंतीच्या रेघेला टेकव. हलवू नकोस."

आईनं टेकवलं. बाबा दुसरं टोक घेऊन मागे सरकले, डोळा बारीक करून पाहिलं, टेप लावला. कोपऱ्यापासून तीन फूट, चार फूट, मग तिरके पाच. खूण केली. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी तळहातानं परवाची रेघ पुसली आणि पलीकडची, चार फुटांची, अर्धवट राहिलेली रेघही पुसली. दोन्ही नीट, पार जमीन दिसेपर्यंत. फक्कीची मूठ भरून घेतली आणि दोरीच्या कडेनं अडीच फुटांवर एकच रेघ सोडत आणली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही.

"बघ आता," ते म्हणाले.

आईनं दोरी सोडली नव्हती. ती वाकून रेघेवरून नजर फिरवत गेली.

"सरळ आहे," ती म्हणाली.

बाबांनी हात झटकले आणि ढेबेमामांकडे वळले.

"हां. आता चढवा भिंत."